स्वतःबद्दल लिहिताना : एमबीएच्या पहिल्या वर्षातल्या मित्राला

तुझा निबंध वाचला. अपयशाबद्दल फारच आवरतं घेतलंयस. २०१९ च्या पुरात सांगलीतलं घरचं दुकान पाण्याखाली गेलं, एवढ्यावर थांबू नकोस. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या वहीतली उधारी तू कशी जुळवलीस, घाऊक व्यापाऱ्याकडे मुदत कशी मागितलीस, ते सविस्तर लिही. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालू ठेवायला लागणारा पैसा, काय असतं हे तू वर्गात बसण्याआधीच शिकलास. तीच तुझी ताकद. ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’ हे शब्द काढून टाक, ते प्रत्येकाच्याच अर्जात असतात.

धक्क्यानंतर पुन्हा उभं राहण्याचं उदाहरण जवळच आहे. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याच जिल्ह्यात आहे, एकदा जाऊन ये.

महत्त्वाकांक्षेत ‘मोठ्या कंपनीत मॅनेजर’ नको. हळदीच्या बाजारात तुला खरा रस आहे ना? मग भाव पडलेले असताना शेतकऱ्यानं माल लगेच विकावा की गोदामात ठेवून तारण कर्ज घ्यावं, यावर काम करायचंय असं स्पष्ट लिही. मुलाखतीत पुढचे प्रश्न त्यावरच येतील आणि तिथं तू अडखळणार नाहीस. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी बसून वाचतो.