ऐकताना कळतं, मग लिहिता का येत नाही?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. ‘हा ऐकून शिकणाऱ्यांतला’ असं शिकवणीत सांगितल्यापासून तो मोबाइलवर धडे ऐकतो. सगळं कळतं म्हणतो, पेपरात मात्र दोन ओळींपुढे जात नाही. काय करावं?
– एक आई, पारोळा

उत्तर : आधी तो शिक्का पुसा. मुलांची ‘ऐकणारी’, ‘पाहणारी’ अशी विभागणी करून तसं शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्येच तोवरचं संशोधन तपासून हे सांगितलं. तुमच्या मुलाचं अडतंय ते आठवण्यात. ऐकताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून स्वतःहून सांगता येणं वेगळं. पेपरात दुसरं लागतं, सराव पहिल्याचाच होतोय.

धडा चार-पाच मिनिटांनी थांबवा. मोबाइल पालथा, वही बंद. ऐकलेलं त्याने मोठ्याने सांगायचं, तेही आधी घरच्या बोलीत. ‘उन्हायामा जमीनले भेगा का बरं पडतस?’ असं आजीने विचारलं की ‘काळी मृदा ओलावा टिकवून ठेवते’ हे पाठ वाक्य कामाला येत नाही. चिकणमातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात, वाळले की आकसतात, म्हणून जमीन तडकते, ही साखळी त्यालाच जुळवावी लागते. मग तेच पुस्तकी मराठीत सांगायचं आणि लगेच पाच ओळी लिहायच्या. बहुतेक घरांत ही लिहायची पायरीच गळते.

तो अडखळला तर शब्द पुरवू नका. मनात दहा मोजा, ‘मग?’ एवढंच म्हणा. त्या धडपडीनेच आठवण पक्की होते. सांगून झाल्यावर पुस्तक उघडून सुटलेल्या मुद्द्यांवर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा सांगायला लावा, सुरुवात त्या खुणांपासून. पुस्तकात बघून मोठ्याने वाचणं म्हणजे सांगणं नव्हे, इथे बरीच मुलं स्वतःला फसवतात.

नकाशा, भूमिती यांना नुसतं बोलणं पुरत नाही. गिरणा, पांझरा, वाघूर तापीला कुठे मिळतात ते कोऱ्या कागदावर रेघ ओढत सांगू द्या.

आणि तो टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, एकच कान पुढे करत असेल किंवा घडीघडी ‘काय?’ म्हणत असेल, तर या सगळ्याआधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.