दुकानात 'पहिला अंक' मागू नका

प्रश्न : भाची नववीत आहे. सुपरहिरोंचे सगळे सिनेमे बघून झाले, आता कॉमिक्स हवीत म्हणते. वाढदिवसाला द्यावीत म्हणून दुकानात गेलो, तर एकाच हिरोचे 'अंक 1' छापलेले तीन-चार निघाले! मला आपला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तेवढा ठाऊक. तिला काय द्यावं, ताई? – एक मामा, नाशिक

उत्तर : मामा, वेताळानेच आपली सवय बिघडवली. बहुतेक गोष्टी एका अंकात संपायच्या. उचला, वाचा, मित्राला द्या. अमेरिकन सुपरहिरोंचं तसं नाही. सुपरमॅन 1938 पासून चालूच आहे, आणि नवे गिऱ्हाईक यावेत म्हणून प्रकाशक मधेच आकडा पुन्हा 1 वर आणतात. 'मिस मार्व्हल' 2014 साली सुरू झालं, 2015 मध्ये 19 व्या अंकावर थांबलं आणि त्याच वर्षी परत 'अंक 1'! हा दुसरा हाती पडला तर मध्यंतरानंतर थिएटरात शिरल्यासारखं होतं.

तरी भाचीला मी 'मिस मार्व्हल'च देईन, 2014 चं. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोनाची. नायिका कमला खान, वय 16, राहणार जर्सी सिटी, आईवडील पाकिस्तानातून आलेले. सुरुवातीलाच ही पोरगी दुकानात बेकनचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, नुसता वास घेत उभी आहे, कारण खायचं नाही. पार्टीला जायची परवानगी नाही, म्हणून चोरून जाते. अंगात शक्ती येते तेव्हा आधी ती आवडत्या कॅप्टन मार्व्हल या सुपरहिरोइनसारखी गोरी, सोनेरी केसांची होते, आणि मग त्या तोकड्या पोशाखात अवघडते. नववीतल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या 5 अंकांच्या 'नो नॉर्मल' या संग्रहाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सगळे 19 अंक चार संग्रहांत येतात.

'सगळ्यात थोर' म्हणून कुणी 'वॉचमेन' सुचवेल. मीही पुतण्याला तेच दिलं होतं. तीस पानांत परत आलं. ते मोठ्यांचं पुस्तक आहे, आणि सुपरहिरो या कल्पनेचीच उलटतपासणी घेतं. ज्याने मूळ साक्षच ऐकलेली नाही त्याला त्यात काय गंमत?

कमला आवडली तर पुढे लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली यांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन'. 12 अंक, गोष्ट पूर्ण. सुपरमॅनचा सगळा पूर्वेतिहास पहिल्याच पानावर 4 चित्रांत आणि इंग्रजी 8 शब्दांत उरकलाय. मी ते पान पाहुण्यांनासुद्धा दाखवते, त्यांनी मागितलं नसलं तरी.

दुकानात 'नो नॉर्मल' असं नावच सांगा. मुखपृष्ठावर काळ्या टीशर्टवर पिवळी वीज आणि हातात पुस्तकं घेतलेली मुलगी दिसली, की तेच.