टिनाखालच्या रेसिंग गाड्या

भाऊ, एफ-वन रेसिंग गाड्यांची धातूची छोटी मॉडेलं जमवायची तर सुरुवात १:४३ मापानेच करा, म्हणजे खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान. १:१८ ची एफ-वन गाडी फूटभर लांब होते, १:४३ ची पाच-सव्वापाच इंचांत मावते. तालुक्यावरून पार्सल आणलं की पुढचा विंग (नाकाजवळची पंखासारखी पट्टी), आरसे आणि २०१८ पासूनच्या गाडीवरचा हॅलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) आधी तपासा. धातूचं असतं ते मुख्यतः अंग, हे नाजूक भाग बहुधा प्लास्टिकचे.

खरा वैरी आपला मे महिना. टिनाखालच्या उष्णतेत मऊ टायरमधलं प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) झिरपतं, स्टँडचं प्लास्टिक विरघळवतं आणि चाक चिकटून बसतं. मग ओढलं की एक्सलच तुटतो! म्हणून चाकांखाली बेकिंगचा सिलिकॉन कागद घाला, कपाट पश्चिमेच्या भिंतीला नको. धूळ मऊ ब्रशनेच झटका. कापडाने विंग अडकून मोडतो, स्टिकरही उचलतात.