आजोबांचा रेझर, बोअरचं पाणी आणि मानेवरच्या पुटकुळ्या

मागच्या अंकात एका ब्लेडच्या साध्या सेफ्टी रेझरने, ब्रश आणि साबण घेऊन करायच्या दाढीबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, जे परत परत विचारले गेलेत तेवढे घेतोय.

प्रश्न : माझे आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत जिलेटचा एक रेझर सापडला. खालची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात, पण आता ती अर्धी उघडून अडकतात. सगळीकडे पांढरट थर आणि कोपऱ्यात हिरवं काहीतरी साचलंय. खाली बारीक अक्षरात ‘मेड इन यू.एस.ए.’ आणि इंग्रजी एफ, पुढे ३ असं कोरलंय. वापरता येईल की शोकेसमध्ये ठेवू? (वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : शोकेसमध्ये नका ठेवू, वापरा, हात जोडून सांगतो. आधी त्या अक्षराचं सांगतो. अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर त्या काळात वर्षासाठी अक्षर आणि तिमाहीसाठी आकडा असायचा, १९५५ पासून ए, बी, सी असं धरत गेलं की एफ येतो १९६० ला, म्हणजे तुमचा रेझर १९६० च्या जुलै ते सप्टेंबरमधला. आजोबा तेव्हा कुठल्या बंदरात होते हे घरात कुणाला आठवत असेल तर आत्ताच विचारून लिहून ठेवा, नंतर सांगणारं कुणी उरत नाही.

आता सफाई. तो पांढरा थर म्हणजे साबण आणि पाण्यातला क्षार, आणि हिरवं आहे ते पितळेचं, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच प्रकार. आत पितळ आणि वर निकेलचा पातळ मुलामा असतो, त्यामुळे घरच्या सवयीने चिंच किंवा पितळ घासायची पावडर अजिबात लावू नका, पितळ चकचकीत होईल पण मुलामा निघून जाईल आणि तो परत आणता येत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब टाकून रेझर वीस मिनिटं बुडवून ठेवा (उकळतं पाणी नको), मग जुन्या टूथब्रशने दारांच्या बिजागरीत, दात्यांमध्ये हळू हळू घासा. एकदा नाही निघालं तर दुसऱ्यांदा करा. पूर्ण वाळल्यावर मूठ जिथे फिरते तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, रात्रभर उलटा ठेवा आणि सकाळी जोर न लावता थोडं पुढे थोडं मागे फिरवा. पक्कड लावायची नाही! माझ्याकडे आलेला असाच एक तिसऱ्या दिवशी मोकळा झाला, दारं एकदम उघडली तेव्हा आतून जुन्या साबणाचा चुरा पडला आणि त्याला अजून वास होता. शेवटी स्पिरिटने पुसून घ्या.

ब्लेड टाकून आरशासमोर धरा, दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर दिसलं पाहिजे, एकीकडे जास्त दिसलं तर दारं वाकली आहेत, मग मात्र तो तोंडाला लावू नका. ब्लेडची काळजी नको, किराणा दुकानात मिळणारं दोन धारांचं कुठलंही ब्लेड बसतं. जिलेट कंपनी काढणाऱ्या किंग जिलेटला (किंग हे त्याचं नावच) अशा सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये, त्या काळातल्या तीन भोकांच्या रेझरमध्येसुद्धा आजचं ब्लेड बसतं, मग तुमचा तर त्या मानाने नवाच आहे.

प्रश्न : काका, मी २२ वर्षांचा आहे. पाच ब्लेडवालं कार्ट्रिज वापरतो. मानेवर कायम लाल पुटकुळ्या येतात, काही केस आतल्या आतच वळतात. सेफ्टी रेझरने फरक पडेल का आणि कुठला घेऊ? (पुणे)

उत्तर : बऱ्याच जणांना पडतो. पहिलं ब्लेड केस थोडा ओढतं आणि मागची ब्लेडं तो कातडीच्याही खाली कापतात, मग कुरळा केस परत वर येताना वाट चुकून आतच घुसतो आणि तिथे सूज येते. एका ब्लेडने केस साधारण कातडीच्या बरोबरीने कापला जातो. पण नुसता रेझर बदलून काही होत नाही रे, हात बदलावा लागतो. कार्ट्रिजने तुला दाबायची सवय लागलीय आणि सेफ्टी रेझर दाबला की कापतोच. मीसुद्धा पहिले पंधरा दिवस दाबत होतो, हनुवटीखाली रोज दोन ठिकाणी तुरटी लावायला लागायची. दांडीच्या टोकाला दोन बोटांत हलका धरायचा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचा, बस. रेझरचं डोकं गालाला टेकव, दांडी सरळ आडवी धर आणि मग हळूहळू खाली आण, जिथे केस कापल्याचा आवाज यायला लागेल तो तुझा कोन, साधारण तीस अंश. पहिल्या आठवड्यात बाथरूमचा नळ बंद ठेव आणि फक्त तो आवाज ऐक. खरखर बारीक आणि सलग येत असेल तर बरोबर चाललंय, आवाज गेला तर कोन गेला.

दोन दिवस दाढी न करता मानेवरून बोट फिरवून बघ, केस कुठल्या दिशेने झोपलेत ते. मानेवर बहुतेकांना भोवरा असतो, गालावर वरून खाली आणि मानेवर आडवे किंवा खालून वर. त्याच दिशेने एकदाच फिरवायचा, उलटा हात महिनाभर मारायचाच नाही. थोडे खुंट हाताला लागले तर लागू देत. घ्यायचा असेल तर मर्कुर ३४ सी, एडविन जॅगर डीई८९ किंवा म्यूले आर८९ यातला कुठलाही घे, तिन्ही मवाळ आहेत, ब्लेड फार बाहेर येत नाही. एका कार्ट्रिजच्या पैशात दहा ब्लेडचं पाकीट येतं, तेव्हा चार पाच दाढ्यांनंतर ब्लेड ओढायला लागलं की सरळ बदल. आणि पुटकुळ्यांत पू असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखव, दाढी नंतर.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. कितीही ब्रश घासला तरी फेस येतो आणि मिनिटभरात बसतो. ब्रश खराब आहे का? (लातूर)

उत्तर : ब्रश बिचारा ठीक आहे, पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी चिकट साका होतो, तोच बादलीच्या कडेला बसलेला दिसतो. दाढीला पाणी लागतं किती, अर्धा पेला. तेवढं फिल्टरचं घ्या, पावसाळ्यात पागोळीचं धरून ठेवलं तर त्याहून चांगलं. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर पाच मिनिटं भिजवा, झटका आणि साबणावर निदान अर्धा मिनिट फिरवा, लोक इथेच घाई करतात, दहा सेकंद फिरवून गालाला लावतात आणि मग साबणाला नावं ठेवतात. त्यानंतर वाटीत किंवा गालावर थेंब थेंब पाणी घालत फेटा. आधी मोठे बुडबुडे दिसतील, ते कोरडे कोरडे, त्यावर जायचं नाही, पाणी घालत गेलं की ते मोडतात आणि फेस घट्ट, ओला आणि चकचकीत होतो, श्रीखंडाचा चक्का फेटून मऊ होतो तसा. बोटांत चोळला तर बोटं घसरली पाहिजेत. रेझर त्या घसरण्यावरच चालतो, पांढरं किती दिसतंय यावर नाही.

प्रश्न : वडिलांचा जुना वस्तरा आहे, पात्यावर झोलिंगेन लिहिलंय. सलूनमधल्यासारखा घरी वापरता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : येईल, पण सलूनमधला आणि हा वेगळा. सलूनमध्ये कागदातल्या कागदात ब्लेड कट्‌कन मोडून त्याचं अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतात आणि दाढी झाली की फेकतात, तसंच पाहिजे, नवीन ब्लेड तुमच्यासमोर घातलं नाही तर उठून या, रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा प्रश्न आहे. तुमच्या वस्तऱ्याला मात्र स्वतःची धार आहे, ती आधी बारीक दगडावर लावून घ्यावी लागेल आणि मग प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस चाळीस हात, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. धार पुढे गेली तर पट्टाही कापतो आणि धारही जाते. झोलिंगेन हे जर्मनीतलं गाव, तिथे न बनलेल्या पात्यावर ते नाव टाकायला १९३८ पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा जपा. वर्षभर सेफ्टी रेझरवर हात बसू द्या, मग वस्तऱ्याकडे वळा.

प्रश्न : मिस्टरांनी तुमचं वाचून हे सुरू केलं, आनंद आहे, पण वापरलेली ब्लेडं खिडकीत पडलेली असतात. कचऱ्यात टाकायला भीती वाटते. (ठाणे)

उत्तर : ताई, भीती रास्त आहे आणि हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं. कागदात गुंडाळूनसुद्धा कचऱ्यात टाकू नका, आपला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. झाकण न उघडलेला कंडेन्स्ड मिल्कचा पत्र्याचा डबा घ्या, वर सुरीने एक बारीक फट पाडा, त्यातून दूध काढून डबा धुऊन वाळवा आणि बेसिनजवळ ठेवा, मिस्टरांना सांगा ब्लेड रेझरमधून निघालं की थेट फटीत. आमचा डबा दोन वर्षं झाली, अजून अर्धा पण भरला नाही. भरला की फटीवर चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहा आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते तोंडाने सांगून त्याच्या हातात द्या.