सॅक्स-कोबुर्गसारखं छोटं जर्मन घराणं युरोपभरच्या सिंहासनांवर कसं पोचलं?

मुख्यतः सोयरिकींच्या जोरावर. संस्थान एवढंसं की कुठल्याच बड्या सत्तेला त्याची धास्ती वाटत नसे, म्हणून तिथला जावई सगळ्यांना चाले. तिथल्या ड्यूक (संस्थानिक) फ्रान्झच्या मुलांपासून हे सुरू झालं. 1796 मध्ये मुलगी युलिआना रशियाच्या राजपुत्राला दिली. संसार मोडला, पण मोठ्या दरबारांत शिरकाव झाला. 1816 मध्ये मुलगा लिओपोल्ड ब्रिटनच्या वारसदार शार्लटशी लग्न करून बसला. ती दीड वर्षात बाळंतपणात वारली, तरी त्याने बहीण व्हिक्टोरिया ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ केंटला द्यायला हातभार लावला. त्यांची मुलगी म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि 1840 मध्ये तिने लग्न केलं ते मामेभाऊ अल्बर्टशी! घराण्याच्या कॅथलिक शाखेतला फर्डिनांड 1836 मध्ये पोर्तुगालच्या राणीचा नवरा झाला.

मात्र सगळंच लग्नातून आलं नाही: 1831 मध्ये बेल्जियमने लिओपोल्डला आणि 1887 मध्ये बल्गेरियाने दुसऱ्या एका फर्डिनांडला निवडून गादीवर बसवलं. ब्रिटिश शाखेने जर्मन नाव टाकून 'विंडसर' घेतलं ते 1917 मध्ये, महायुद्धामुळे.