त्सुमोरी की योतेइ? 'जाणार आहे'चं जपानीत नक्की काय करायचं

प्रश्न असा आहे की 'इकु त्सुमोरी देस्' आणि 'इकु योतेइ देस्' या दोन्हींचं मराठी 'जाणार आहे' असंच होतं, मग फरक काय? आणि सेन्सेईंना, म्हणजे जपानी शिकवणाऱ्या बाईंना, 'उद्या येणार आहात का' हे 'कुरु त्सुमोरी देस् का' असं विचारल्यावर त्या एकदम गप्प का झाल्या?

आधी दुसऱ्याचं उत्तर देते, कारण व्याकरण चुकलं तर मार्क जातात पण इथे माणूस दुखावतो. त्सुमोरी म्हणजे मनातला हेतू, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते थेट विचारणं जपानीत आगाऊपणाचं समजतात, त्यातून ती व्यक्ती मोठी असेल तर फारच. आपण सरांना 'सर, उद्या यायचा इरादा आहे का?' असं विचारू का? शब्दात काही वाईट नाही पण ऐकायला कसं वाटतं बघा, तसंच आहे हे. जपानीत भांडणात 'दोओ इउ त्सुमोरी?' म्हणतात, म्हणजे सरळ 'काय इरादा काय आहे तुझा?'. त्यामुळे सेन्सेईंना विचारायचं तर 'आशिता इराश्शाइमास् का' (आदराने 'उद्या येणार का'), नाहीतर 'गोयोतेइ वा?' (काय कार्यक्रम आहे?) असं विचारावं, कारण योतेइ म्हणजे आधी ठरलेला कार्यक्रम, तो कागदावर असतो, मनात नाही, आणि कागदावरचं विचारायला हरकत नसते.

आता फरक. गडबड होते ती आपल्या 'णार'मुळे. 'मी नोकरी सोडणार आहे', 'गाडी नऊला येणार आहे', 'पाऊस पडणार आहे', तिन्हीकडे आपण बिनधास्त णार लावतो. जपानीत ही तीन वेगळी घरं आहेत. नोकरी सोडायचं तुमच्या मनात आहे म्हणून तिथे त्सुमोरी. गाडीला मन नाही पण टाइमटेबल आहे, म्हणून 'त्सुकु योतेइ देस्', तिथे त्सुमोरी लावलंत तर गाडीने स्वतःहून नऊला पोचायचं मनावर घेतलंय असं होईल. पावसाला मनही नाही आणि टाइमटेबलही नाही, त्यामुळे दोन्ही चालत नाहीत, तिथे 'फुरु देश्यो' किंवा ढग बघून म्हणत असाल तर 'फुरिसोओ देस्'. ऑफिसच्या कामाने बॉस पाठवतोय, तुमची इच्छा असो नसो, तर 'श्युच्चो नो योतेइ देस्', श्युच्चो म्हणजे कामाचा दौरा. बाळंतपणाची डॉक्टरांनी दिलेली तारीख पण 'योतेइबि'च असते. थोडक्यात स्वतःची जिद्द सांगायची असेल तरच त्सुमोरी, बाकी ठरलेल्या कामाला योतेइ.

पण खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात या दोन्हींपेक्षा 'इकोओ तो ओमोत्ते इमास्' जास्त कामाला येतं, आणि हे मराठी माणसाला फुकटात मिळालेलं आहे असं माझं मत आहे. इंग्रजीतून शिकवतात म्हणून लोक अडकतात. आपण 'उद्या नाशिकला जावं म्हणतोय' असं म्हणतो ना? इकोओ म्हणजे जावं, तो म्हणजे असं, ओमोत्ते इमास् म्हणजे मनात म्हणतोय, ओळीने तेच! वजनही तेच, म्हणजे विचार चालू आहे, अगदी पक्कं नाही, कोणी काही सुचवलं तर बदलेलही. आणि आपलं 'म्हणतोय' जसं चालू आहे तसंच 'ओमोत्ते इमास्' चालू आहे, म्हणजे काही दिवसांपासून डोक्यात आहे. नुसतं 'ओमोइमास्' म्हटलं तर आत्ता बोलता बोलता ठरवलं असा सूर येतो, आणि ते फक्त स्वतःबद्दलच वापरायचं, दुसऱ्याबद्दल सांगताना ओमोत्ते इमास्च.

तशीच आणखी एक जोडी म्हणजे 'कोतो नि शिमाशिता' आणि 'कोतो नि नारिमाशिता'. हे तर सरळ 'ठरवलं' आणि 'ठरलं'. 'केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता', आमचं लग्न ठरलं. दोघांनी स्वतःच एकमेकांना पसंत केलेलं असतं तरी ऑफिसात सांगताना 'ठरलं'च म्हणतात, 'आम्ही ठरवलं' म्हटलं की जरा मीपणा वाटतो. आपल्याकडेही प्रेमविवाहवाले पत्रिका द्यायला आले की 'ठरलं एकदाचं' असंच म्हणतात की.

नकार देताना मात्र सांभाळा. 'इकानाइ त्सुमोरी देस्' म्हणजे न जायचा विचार आहे, आणि 'इकु त्सुमोरी वा आरिमासेन' म्हणजे जायचा प्रश्नच नाही, विषय संपला. दुसरं वाक्य चुकून पहिल्यासारखं वापरलंत तर उगाच कडक होतं.

त्सुमोरीचा अजून एक अर्थ आहे जो पहिल्यांदा दिसला की लोक गोंधळतात. भूतकाळाच्या क्रियापदाला लावला की 'समज' असा अर्थ होतो, 'वाकात्ता त्सुमोरी' म्हणजे आपल्याला कळलंय असा समज, प्रत्यक्षात कळलेलं असेलच असं नाही. 'ज्योदान नो त्सुमोरी दात्ता', माझ्या हिशोबाने ती गंमत होती. हिशोब शब्द मी मुद्दाम वापरला, कारण त्सुमोरी येतो 'त्सुमोरु'वरून, त्यात साचणं आहे तसा अंदाज बांधणंही आहे, आणि जपानी कंपनीत काम करणाऱ्यांना 'मित्सुमोरी' माहीत असेल, म्हणजे कोटेशन, ते त्याच कुळातलं. मनातला हिशोब म्हणून धरलं की हेतू आणि समज हे दोन्ही अर्थ एकाच जागी बसतात. त्यामुळेच 'देन्वा सुरु त्सुमोरी दात्तान् देस् केदो' हे वाक्य अगदी आपल्या 'फोन करणारच होतो हो' सारखं पडतं, आणि ऐकणाराही तितकाच विश्वास ठेवतो :)

जाता जाता, कोणी बोलावलं आणि जायचं नसेल तर 'सोनो हि वा च्योत्तो योतेइ गा...', म्हणजे 'त्या दिवशी जरा कार्यक्रम...', एवढं म्हणून वाक्य तसंच सोडून द्या, काय योतेइ आहे ते सहसा कोणी विचारत नाही. आणि ओसाकाकडचा मित्र 'इकेतारा इकु', म्हणजे जमलं तर येतो, असं म्हणाला तर त्याला धरू नका, तिकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही येणार असाच घेतात आणि त्यावर जोकही करतात.