किनारा साफ करून आला आणि कोळीवाड्यालाच नावं ठेवू लागला

दापोली तालुक्यातल्या एका आईची तक्रार अशी होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): "शाळेने नववीच्या मुलांना किनारा साफ करायला नेलं, प्रमाणपत्रंही दिली. तेव्हापासून कोळीवाड्यातून जाताना हा नाकाला रुमाल लावतो. परवा तर दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींच्या तोंडावर म्हणाला, 'तुमच्यामुळेच घाण होते.' सेवा शिकायला पाठवला, तर माज शिकून आला. पुढच्या वेळी पाठवूच नको का?"

पाठवावं. मात्र त्या दिवशी किनाऱ्यावर काय झालं, ते आधी मुलाकडून ऐकावं. या मुलाने जे सांगितलं ते ओळखीचं होतं. हातमोज्यांशिवाय तासभर वेचणी, फलक धरून फोटो, मग बसमध्ये. भरलेली पोती वाळूतच राहिली, म्हणजे पुढच्या उधाणाला परत समुद्रात. गावातलं माणूस एकही भेटलं नाही. हा कचरा आला कुठून, हे कोणी सांगितलं नाही, मग समोर दिसणाऱ्या वस्तीवर आळ घेणं सोपं गेलं.

खरं तर ते कचराच सांगतो, वेगळा केला तर. दोरी लावून 50 मीटरचा पट्टा आखावा, पाच-पाच मुलांचे गट करावेत आणि ढीग वेगळे घालावेत: जाळ्यांचे तुकडे व नायलॉनचे दोर, थर्माकोल, बाटल्या-झाकणं, खाऊची पाकिटं, चपला आणि उरलेलं. वजन ताणकाट्यावर करावं. ओल्या जाळ्यात वाळू अडकते आणि आकडा फुगतो, म्हणून आधी झटकावं. थर्माकोलला वजनच नसतं, त्याचे तुकडे मोजावेत. मग बोलावं: पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्रात तरंगणारं सगळं किनाऱ्यावर लोटतो, नद्या आणि खाड्या वरच्या गावांचं आणतात, पाकिटं बहुतेक पर्यटकांची. जाळी मासेमारीतलीच असतात, तेही लपवू नये.

वेळ ठरवायला तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याला, विचारावं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास. सातला कामाला लागावं, पाणी उतरत असतं. हे गणित शिक्षकांनी फळ्यावर मांडण्यापेक्षा तांडेलाच्या तोंडून आलेलं बरं. ज्याच्याकडून काही शिकलो, त्याच्यासमोर नाकाला रुमाल लावणं जड जातं. कासवांच्या विणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, दंताळं मात्र नको, कारण अंडी वाळूखाली असतात. मंडणगडच्या वेळासला पूर्वी हीच अंडी खाण्या-विकण्यासाठी उचलली जात. 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, आणि आता गावकरीच ती राखतात. मुलांना ही माणसं भेटवावीत, नुसती पिल्लं दाखवून आणू नयेत.

सहलीचंही तेच. महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर फोटो होतात, 20 मार्च 1927 ही तारीख पाठ होते. परतल्यावर आपल्या वाडीतल्या विहिरीवर, नळावर आजही कोणाला थांबावं लागतं का, हे बघायला क्वचितच कोणी सांगतं.

आईला सुचवलं की माफी मागायला लावू नका. जबरीची माफी राग वाढवते. त्यापेक्षा मावशींबरोबर संध्याकाळी हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाला पाठवा, एवढंच विचारून यायला: थर्माकोलचा खोका फुटला की जातो कुठे? मुलगा उत्तर घेऊन आला. कचरागाडी मुख्य रस्त्यावरूनच वळते, बंदरापर्यंत येत नाही. माफी त्याने अजून मागितलेली नाही, पण 'हे लोक' म्हणणं थांबलं.

पुढचं काम शाळेचं. वजनांचा तक्ता जोडून ग्रामपंचायतीला निवेदन द्यावं, दोन प्रतींत, आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्यावा. ग्रामसभा मतदारांची असते, म्हणून तिथे ते पालकाने मांडावं. उत्तर लवकर येईलच असं नाही, हे मुलांना आधीच सांगावं आणि महिन्याने तीच पोच घेऊन त्यांनाच पुन्हा पाठवावं. नाहीतर 'अर्ज करून काही होत नाही' एवढंच घेऊन ती दहावीत जातात.